ऑपरेटरच्या पुढची पायरी

प्रश्न : मी आयटीआय मशिनिस्ट आहे. २०१५ साली पास झालो, मग ॲप्रेंटिसशिप केली आणि तेव्हापासून भोसरी-चाकण पट्ट्यातल्या तीन कारखान्यांत व्हीएमसीवर काम करतोय. सेटिंग येतं, प्रोग्रॅममधली चूक वाचून कळते, साहेब अडले की मलाच हाक मारतात. दर वर्षी कॉलेजातून एखादा नवा मुलगा येतो. मी त्याला मशीन दाखवतो आणि वर्षा-दीड वर्षात तोच माझा साहेब होतो. माझ्यावर घर चालतं, शिफ्ट फिरती असते, त्यामुळे आता डिग्री करणं होणार नाही. मग आम्ही ऑपरेटर म्हणूनच रिटायर व्हायचं का? डिग्रीशिवाय टेक्निकल लाइनमध्ये वर जाता येतं, हे खरं आहे की नुसतं भाषणात सांगायचं?
— एक वाचक, चिखली, पुणे

उत्तर : वर जाता येतं. किती वर आणि कुठल्या वाटेने, हे मात्र कामागणिक वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘प्रोग्रॅममधली चूक वाचून कळते’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य. ही गोष्ट तुमच्या शिफ्टमधल्या लोकांना माहीत आहे, साहेबांना माहीत आहे. कारखान्याच्या गेटबाहेर ती कुणालाच माहीत नाही. कॉलेजातून आलेल्या मुलाचं नेमकं उलटं असतं. त्याच्या हाताला काय येतं ते अजून कुणी पाहिलेलं नसतं, पण तो काहीतरी शिकून आलाय असं सांगणारा कागद त्याच्याकडे असतो, आणि तो कागद चाकणला चालतो तसा चेन्नईलाही चालतो. पदवीचं निम्मं बळ या चालण्यात आहे. तेव्हा पदवी नसलेल्या माणसाने पुढे जायचं तर त्याच्या कसबालाही असा पुरावा हवा, ज्याने त्याला कधी मशीनवर पाहिलं नाही अशा तिऱ्हाइतालाही पटेल असा. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

काही कामांना हा पुरावा आपोआप मिळतो, कारण तिथली परीक्षाच हाताची असते. वेल्डिंग घ्या. ६जी नावाच्या परीक्षेत पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका पक्का बांधतात. तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं आणि कुठे खालून, कुठे डोक्यावर हात धरून, कुठे आडव्याने जोड भरत न्यायचा. मग त्या जोडाच्या पट्ट्या कापून वाकवतात, नाहीतर एक्स-रे काढतात. मर्यादेबाहेरचा दोष दिसला की नापास. पास झालेल्याला रिफायनरीत, वीज प्रकल्पात, प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या कारखान्यात मागणी असते. नवी कंपनी आपली परीक्षा पुन्हा घेते, पण त्या परीक्षेच्या टेबलापर्यंत पोचवतो तो आधीचा कागद. आणि हा कागद जिवंत ठेवावा लागतो. एएसएमई या अमेरिकी संहितेच्या नवव्या भागानुसार त्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर पात्रता संपते. इतकी कडक अट कुठल्याच पदवीला नाही. पुढची पायरी म्हणजे वेल्डिंग निरीक्षक. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या निरीक्षक परीक्षेला बसताना शिक्षण जितकं कमी तितकी अनुभवाची वर्षं जास्त मागतात, पण दार लावून घेत नाहीत. मला ही पद्धत फार न्यायाची वाटते.

विजेच्या कामात कायद्यानेच पायऱ्या बांधल्या आहेत: तारतंत्री परवाना, मग पर्यवेक्षक प्रमाणपत्र, मग ठेकेदाराची अनुज्ञप्ती. विमानाच्या देखभालीत डीजीसीएचा परवाना लागतो. त्यासाठी भौतिक, रसायन, गणित घेऊन बारावी आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण पुरतं. विमान उड्डाणाला योग्य आहे या कागदावरची सही परवानाधारकाची असते, आणि तिथे बी.ई. असणं-नसणं गौण ठरतं. रेल्वेत सहायक लोको पायलट म्हणून दहावी आणि आयटीआयवर भरती होते, आणि तिथून मालगाडी, पॅसेंजर, मेल-एक्स्प्रेस अशी चढण आहे. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आयटीआय झालेल्यांना स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून घेतात. अणुऊर्जा विभागातली तांत्रिक बढती वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहत नाही, कामाच्या मूल्यमापनावर होते. वयाच्या अटीमुळे यातलं बरंचसं तुमच्या उपयोगाचं नाही, पण घरात धाकटा भाऊ किंवा भाचा आयटीआयला असेल तर त्याला आजच सांगा.

आता तुमचं मशीन. व्हीएमसीवाल्याची अडचण अशी की त्याच्या कसबाला सरकारी परवाना नाही, ६जीसारखी जगभर ओळखली जाणारी परीक्षा नाही. दहा वर्षांचा अनुभव म्हणजे नेमकं काय, हे त्या दहा वर्षांत काय केलं त्यावर ठरतं. जॉब लावणं, सायकल स्टार्ट दाबणं, गेज घालून पाहणं, हे ऑपरेटरचं काम पहिल्या काही महिन्यांत येतं. नंतरची साडेनऊ वर्षं त्याचीच उजळणी झाली असेल तर मुलाखत घेणारा ती मोजत नाही, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही. सेटर फिक्स्चर बसवतो, वर्क ऑफसेट घेतो, टूलची लांबी भरतो आणि पहिला नग पास करून देतो. तुम्ही या पायरीवर आहात. त्यापुढे ड्रॉइंग हातात घेऊन प्रोग्रॅम लिहिणारा, आणि त्याच्याही पुढे प्रोसेस ठरवणारा: आधी कुठला फेस मारायचा, कुठे क्लँप करायचं, किती सेटिंगमध्ये जॉब पुरा करायचा, कुठला इन्सर्ट वापरायचा. पगार आणि मान यांचा खरा उंबरठा सेटर आणि प्रोसेसवाला यांच्या मधे आहे. तो ओलांडायला लागतं ते ज्ञान कॉलेजात थोडं मिळतं आणि मशीनवर पुष्कळ.

एक उदाहरण देतो. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ एच७ लिहिलेला आहे, त्यातला ‘एच’ लहान लिपीतला. म्हणजे माप २५.००० मिलिमीटरच्या वर जायचं नाही आणि २४.९७९ च्या खाली यायचं नाही. एकवीस मायक्रॉनची वाट. चांगला ऑपरेटर ती मायक्रोमीटरने सांभाळतो. पण त्याच ड्रॉइंगवर भोकांच्या जागेसाठी चौकटीत चिन्हं दिलेली असतात आणि शेवटी ए, बी, सी अशी डेटमची अक्षरं. भोक कुठे आहे हे कुठल्या फेसपासून मोजायचं, ते ही अक्षरं सांगतात. ज्या फेसवर जॉब टेकवला तो आणि डेटमचा फेस वेगवेगळे असतील, तर व्हर्नियरवर सगळे नग बरोबर दिसतात आणि सीएमएमवर अख्खा लॉट नापास होतो. असा लॉट परत आला की शॉपवर आरडाओरडा होतो, ऑपरेटरला बोल लागतो, आणि मूळ चूक फिक्स्चरच्या आराखड्यात असते. ज्याला ती चौकट वाचता येते तो लॉट चालू होण्याआधी सांगतो की इथे टेकवू नका. हा विषय, म्हणजे जीडी अँड टी, येत्या सहा महिन्यांत पक्का करा. मशिनिस्टच्या डोक्यात जॉबचा आकार आधीच असतो, त्यामुळे तो वर्गात बसलेल्या मुलापेक्षा लवकर समजतो. सोबत एक कॅम सॉफ्टवेअर शिका, मास्टरकॅम, एनएक्स किंवा तुमच्या भागात जे जास्त चालतं ते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्था कॅड-कॅम आणि सीएनसीचे छोटे अभ्यासक्रम चालवतात. गल्लीतल्या क्लासपेक्षा आधी तिथली चौकशी करा.

आता पुराव्याकडे येतो, कारण आपली माणसं इथेच कमी पडतात. एक वही करा. कुठल्या प्रकारचा जॉब, काय अडचण आली, कारण काय निघालं, काय बदललं, आधी आणि नंतर आकडा किती. समजा एका जॉबची सायकल चार मिनिटांची होती. दोन टूल एकत्र करून, रिकामी फिरणारी वाट कमी करून तुम्ही ती साडेतीन मिनिटांवर आणली. शिफ्टमध्ये मशीन प्रत्यक्ष ४२० मिनिटं चालतं असं धरलं, तर १०५ नगांऐवजी १२० नग निघाले. एका मशीनवर, एका शिफ्टला, पंधरा नग. ‘मी चांगलं काम करतो’ या वाक्याला मुलाखतीत वजन नाही. या पंधरा नगांना आहे. ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा कंपनीचा प्रोग्रॅम मात्र कधी बाहेर नेऊ नका, फोटोसुद्धा काढू नका. तो विश्वासघात आहे आणि गुन्हाही ठरू शकतो. आपल्या शब्दांत आणि आपल्या आकड्यांत लिहिलेलं पुरतं.

कारखान्यात कायझेन किंवा क्वालिटी सर्कल असेल तर त्यात पुढे व्हा. बऱ्याच ठिकाणी सुधारणा सुचवतो ऑपरेटर आणि शीट भरतो इंजिनिअर, कारण शीट भरायचा कंटाळा येतो किंवा लिहिण्याची भीती वाटते. शीट स्वतः भरा, मराठीत भरा, पण त्यावर तुमचं नाव आणि साहेबांची सही असू द्या. क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडियाच्या संमेलनांत कारखान्यांतली कामगारांची पथकं आपली कामं मांडतात. अशा ठिकाणी एकदा उभं राहून बोललात की दुसऱ्या कारखान्यातली माणसं तुम्हाला नावाने ओळखू लागतात.

कंटाळवाणी पण अत्यंत गरजेची गोष्ट म्हणजे नोकरीचे कागद. तिन्ही कारखान्यांचे नेमणूक पत्र आणि अनुभव पत्र आहे का? काही काळ ठेकेदाराच्या नावावर असाल तर प्रत्यक्ष काम कुठल्या कारखान्यात आणि कुठल्या मशीनवर केलं, हे लिहिलेलं पत्र मागून घ्या. पीएफच्या खात्यात सगळी वर्षं एकाच यूएएन क्रमांकाखाली आली आहेत का ते तपासा. ॲप्रेंटिसशिप केलीत, पण शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र घेतलंत का? बरीच मुलं वर्ष पुरं करतात आणि तो कागद आणायला जात नाहीत. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने दिलेला तो कागद आहे, त्याला देशभर मोल आहे.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने सांगतोय, त्याला कारण आहे. पूर्वीच्या कारखान्यांत याची गरज कमी पडत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे स्वतःकडेच अभियांत्रिकीची पदवी नव्हती. ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याला मिळाली. ते बेळगावला आले, सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, असं करत १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे एक सहकारी अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले होते, आणि तिथे ते कल्पक अभियंता म्हणून नावाला आले. मालक, कारखाना आणि वस्ती एकाच माळावर होती. कुणाच्या हातात काय आहे हे लक्ष्मणरावांना रोज दिसत होतं, प्रमाणपत्राची गरज नव्हती. आज तुमचा अर्ज आधी एचआरच्या खोलीत जातो. तिथल्या माणसाने व्हीएमसी जवळून पाहिलेली नसते. त्याच्यापुढे रकाने असतात आणि ‘शिक्षण’ हा रकाना वरचा असतो. त्या खोलीत तुमच्या वतीने बोलायला कागदच असतो, म्हणून तो तयार ठेवायचा.

मला खेद वाटतो तो याचा की आपल्याकडे एक चांगली शिडी होती आणि ती गेली. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ‘एएमआयई’ ही परीक्षा नोकरी सांभाळून, घरी अभ्यास करून देता येत होती, आणि तिचे दोन्ही भाग पार केले की सरकारी नोकरीसाठी ती पदवीच्या बरोबरीची मानली जात होती. परीक्षा सोपी मुळीच नव्हती, कित्येकांनी वर्षानुवर्षं दिली. पण शिफ्ट संपवून रात्री गणित सोडवणाऱ्या माणसाला वर एक दार दिसत होतं. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ती समकक्षता राहिली. जर्मनीत अशी शिडी आजही भक्कम आहे. तिथे कारागीर शिकाऊपण पुरं करून, अनुभव घेऊन ‘माइस्टर’ची परीक्षा देतो. माइस्टर शिकाऊ मुलं घेऊ शकतो, त्यांना घडवू शकतो, आणि देशाच्या पात्रता-आराखड्यात त्याची पातळी बॅचलर पदवीइतकीच, सहावी, आहे. २०२० पासून त्याला ‘बॅचलर प्रोफेशनल’ असंही म्हणतात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यांच्याकडे माणसं पाठवताना त्यांच्याकडून ही पायऱ्यांची रचनाही आणावी, असं मला मनापासून वाटतं. आयटीआयच्या वर हाताच्या कामाचीच वरची इयत्ता असायला हवी. आपल्याकडे आयटीआयनंतर पुढे शिकायचं म्हणजे पुन्हा कॉलेजच्या वर्गातच जावं लागतं.

बंद दारंही सांगायला हवीत, नाहीतर तुमची फसगत होईल. सरकारी कनिष्ठ अभियंत्याच्या थेट भरतीत पदविका किंवा पदवी मागतात, तिथे तुमच्या वहीला कुणी विचारणार नाही. साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट परीक्षा देत दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात जातो, पण बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेला बसायला पदविका वा पदवी लागते आणि पंचवीस वर्षं भट्टीपुढे काढलेला माणूसही तिथे थांबतो. काही मोठ्या कंपन्यांत मॅनेजर पदासाठी पदवीची अट लेखी असते. ती कुठल्या पदापासून सुरू होते हे आपल्या कंपनीत आधीच विचारून घ्या. उलट, जे दार बंद वाटतं ते कधी किलकिलं असतं. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा पदवीवर उभा आहे, तरी त्याच्या नियमांत पदवीची उणीव अनुभवाने भरायचा हिशेब आहे: कॉलेजच्या एका वर्षाला तीन वर्षांचा अनुभव. तो अनुभव त्या व्यवसायातल्या पदवीधरांच्या तोडीचा असला पाहिजे आणि लेखी सिद्ध झाला पाहिजे. तुम्हाला अमेरिकेला जायचं नसेल. पण जिथे अनुभव मोजायची तयारी आहे तिथेही तो कागदावर मागतात, एवढं यातून घ्या.

बढती समोर आली की आणखी एक विचार करा. कामगार वर्गातून स्टाफमध्ये जाताना पदाचं नाव बदलतं, तशी कायद्यातली जागाही बदलते. युनियनचा करार, ओव्हरटाइम, कामगार म्हणून मिळणारं संरक्षण यांतलं बरंच सुटतं. कायम कामगाराचा पगार नव्या सुपरवायझरपेक्षा जास्त असल्याचंही दिसतं. म्हणून ‘सुपरवायझर’ या शब्दाने हुरळून न जाता हातात येणारी रक्कम, नोकरीची शाश्वती आणि तिथून पुढे कुठे जाता येईल, हे तिन्ही विचारून मग हो म्हणा. कधीकधी सुपरवायझर होण्यापेक्षा टूल रूममध्ये किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये आडवी बदली मागणं शहाणपणाचं असतं. माणसं सांभाळणं हे वेगळं काम आहे. तुमचा जीव मशीनमध्ये असेल तर ती वाट धरा. मशीन आणि टूल विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाकडे जाऊन ट्रायल घेणारी माणसं लागतात, आणि त्या कामात शॉपवर वाढलेल्या माणसाचा हात लवकर दिसतो. शिकवण्याची आवड असेल तर सीआयटीएस हा प्रशिक्षकांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो करून आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक होता येतं.

आणि तो दर वर्षी येणारा मुलगा. तुम्ही त्याला मशीन दाखवता, आणि लिहिताना त्याच्याबद्दल एक कडू शब्द तुमच्या हातून उतरला नाही. त्याला दाखवत राहा, आणि बदल्यात मागाही: कंट्रोल प्लॅन कसा वाचायचा, एसपीसीचा तक्ता कसा भरायचा, ग्राहकाला ई-मेल कशी लिहायची. तो हे शिकून आलाय आणि तुम्हाला तेच हवं आहे. पाच वर्षांनी तो दुसऱ्या कंपनीत मोठ्या पदावर असेल. तिथे प्रोसेससाठी माणूस हवा असेल तेव्हा तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेला तो एकटा साक्षीदार असेल. त्याचा फोन नंबर जपून ठेवा.

प्रश्न : मी इलेक्ट्रिशियन ट्रेड केला आहे, मुलगी आहे. सध्या सातपूरला पॅनेल बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात वायरिंग करते. घरचे म्हणतात, महावितरणची जाहिरात येईपर्यंत थांब. थांबू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जाहिरातीची तयारी करा, पण तिच्यासाठी काम सोडून थांबू नका. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून सुरुवात होते, मग तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ असा क्रम आहे. नोकरी चांगली आहे. खांबावर चढावं लागतं, पावसात फॉल्ट शोधत फिरावं लागतं, हे गृहीत धरून जा. मुली हे काम करतात आणि नीट करतात. पण भरती कधी निघेल ते तुमच्या हातात नाही. तारतंत्री परवाना तुमच्या हातात आहे, त्यासाठी अर्ज याच महिन्यात करा. मग अनुभवाची अट पुरी होईल तसं पर्यवेक्षक प्रमाणपत्राकडे वळा. विद्युत ठेकेदाराला प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक ठेवावाच लागतो, त्यामुळे त्या कागदाला बाजारात कायम मागणी आहे, आणि पुढे स्वतःच्या नावाने कामं घ्यायची ठरवलीत तरी पाया तोच.

पॅनेलच्या कारखान्यात आहात ही संधी समजा. फक्त फेरूल लावून तारा जोडत राहू नका, सर्किट डायग्रॅम वाचून पॅनेल तपासायला शिका. पीएलसीचा कार्यक्रम लिहिणारा तिथे कुणीतरी असेलच. त्याच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून मालकाला स्पष्ट विचारा. छोट्या कारखान्यात ही मुभा मिळते, मोठ्यात विभाग आडवे येतात.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय फिटर. ‘नोकरी करता करता एका वर्षात बी.टेक., हजेरीची गरज नाही’ अशी जाहिरात आली आहे. फी मोठी आहे, पण आयुष्याचा प्रश्न सुटेल असं वाटतं. भरावी का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : भरू नका, ताई. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे की अभियांत्रिकीचं शिक्षण पत्रद्वारा पद्धतीने देता येत नाही. त्या निकालाने अशा पदव्या घेऊन नोकरीत वर गेलेल्या कित्येकांची धावपळ झाली. एका वर्षात, हजेरी न लावता बी.टेक. होत नाही. असा कागद मुलाने कुठे दाखवला आणि कुणी तपासला, तर आहे ती नोकरीही जाईल.

त्याला शिकायचंच असेल तर सरळ वाट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला असेल तर तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. नोकरी करणाऱ्यांसाठी त्यांच्या सोयीच्या वेळेत पदविका आणि पदवीचे वर्ग घ्यायला एआयसीटीईने २०२३ पासून काही संस्थांना परवानगी दिली आहे. तुमच्या जवळच्या कुठल्या संस्थेला ती आहे का, हे एआयसीटीईच्या यादीत पाहा, संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. जवळ तसा वर्ग नसेल तर जाहिरातवाल्याला द्यायच्या पैशांतला थोडा भाग मुलाला ड्रॉइंग आणि कॅड शिकवायला लावा, आणि उरलेले घरात राहू द्या.